रोबोट बसवायला दहा मिनिटं लागतात, पण…

"ताई, उद्या माझ्याबरोबर बँकेत याल का? दोन लाखांची ठेव मोडायची आहे."

धाकट्या जावेचं हे बोलणं ऐकलं आणि माझी तव्यावरची पोळी करपली. ती ठेव पुतणीच्या शिक्षणासाठी होती. शिवणकाम, पिको-फॉल करून तिने एकेक रुपया कसा जमवला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. "कशाला गं मोडतेस?" विचारलं, तर म्हणे, रोबोट घ्यायचाय!

मग पुतण्याने समजावलं. तो ज्या क्लासला जातो, तिथल्या सरांनी एक सॉफ्टवेअर दाखवलं होतं. डॉलर, युरो अशा परदेशी चलनांची खरेदी-विक्री ते आपोआप करतं. "काकू, आपण झोपायचं, तो कमावणार!" किंमत पंचवीस हजार, उरलेले पैसे खात्यात भरायचे. पंधरा दिवस वापरून बघायला सरांनी ते फुकट दिलं होतं.

मैत्रिणींनो, मी साधी बी.ए. झालेली बाई. पण बचत गटाचे हिशेब बारा वर्षं सांभाळलेत. 'जे कळत नाही त्यावर सही करू नका,' असं बायकांना सांगत आले. मग घरात वेगळा नियम कसा? मी म्हटलं, "आधी माझ्यासमोर खोट्या पैशांवर चालवून दाखव, मग बँकेत जाऊ."

रविवारी दुपारी आम्ही तिघं संगणकासमोर बसलो. मेटाट्रेडर ४ नावाचा प्रोग्राम त्याने उतरवून घेतला आणि हजार डॉलरचं डेमो खातं उघडलं. यात पैसे खोटे, भाव मात्र खरे. मग फाइल मेनूतून डेटा फोल्डर उघडला, त्यातल्या 'एक्स्पर्ट्स' फोल्डरमध्ये रोबोटची फाइल टाकली आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला. डावीकडच्या यादीत रोबोटचं नाव आलं. ते माउसने ओढून युरो-डॉलरच्या आलेखावर सोडलं, 'अलाऊ लाइव्ह ट्रेडिंग'वर खूण केली, वरचं 'ऑटोट्रेडिंग'चं बटण दाबलं. आलेखाच्या कोपऱ्यात हसरा चेहरा आला. झालं! दहा मिनिटांत रोबोट बसला.

पण काहीच हलेना. पुतण्या घामाघूम. शेवटी लक्षात आलं, हा बाजार सोमवार ते शुक्रवार रात्रंदिवस चालतो, पण शनिवार-रविवारी बंद! आम्ही मनसोक्त हसलो.

त्या रिकाम्या वेळात मी सेटिंगची खिडकी वाचत बसले. एका ओळीत 'स्टॉप लॉस' आणि समोर शून्य. "म्हणजे काय रे?" "तोटा ठरलेल्या मर्यादेला पोचला की सौदा बंद करायचा." "मग शून्य म्हणजे मर्यादाच नाही?" तो गप्प. खालच्या ओळीत होतं, 'मल्टिप्लायर' दोन. म्हणजे सौदा तोट्यात गेला की पुढचा दुप्पट करायचा. मी वहीत मांडलं: एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. सातव्या पायरीला एकूण एकशे सत्तावीस! ज्या भावात एकाने सुरुवात केली, तोच भाव आणखी उलटा गेला तर तोटा एकशे सत्तावीस पटीने वाढणार.

पहिला आठवडा मात्र मजेत गेला. रोज थोडा थोडा नफा दिसे. जाऊ माझ्याकडे असं बघे, की मीच तिच्या लक्ष्मीच्या आड आले! मध्ये एकदा दुपारी वीज गेली. संगणक बंद, रोबोटही बंद. पण त्याने उघडलेले सौदे तिकडे उघडेच! त्यासाठी म्हणे सतत चालू राहणारा संगणक महिन्याच्या भाड्याने घ्यावा लागतो. हे सरांनी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या नोकऱ्यांचे आकडे जाहीर झाले. ते महिन्यातून एकदा येतात आणि डॉलर जोरात हलतो. रोबोटला बातमी कळत नाही. तो दुप्पट, दुप्पट करत गेला. खात्यात उधारीची सोय पाचशे पट होती. म्हणजे शंभर रुपयांवर पन्नास हजारांचा सौदा. अशा वेळी भाव शंभराला वीस पैसे जरी उलटा गेला, तरी शंभर रुपये संपले! रात्रीच्या जेवणापर्यंत हजार डॉलरमधले जेमतेम चाळीस उरले. कोपऱ्यातला चेहरा तेव्हाही हसतच होता.

खोटे होते म्हणून पैसे वाचले. पण आणखी एक गोष्ट नंतर कळली आणि अंगावर काटा आला. परदेशी चलनाचे व्यवहार आपल्याकडे 'फेमा' या १९९९ च्या कायद्याखाली येतात. ते रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या संस्थांशीच, मान्य कारणासाठीच करता येतात. ऑनलाइन करायचे तर तिने परवानगी दिलेल्या ठिकाणी किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारातच. तिथेही ज्याचं परदेशी चलनात खरंच देणं-घेणं आहे त्यानेच यावं, हे बँकेने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. परवानगी नसलेल्या कंपन्यांची सावधगिरीची यादी तिने सप्टेंबर २०२२ पासून जाहीर केली आहे. सरांनी सुचवलेली कंपनी त्या यादीत निघाली! आणि यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असंही समजू नका. तिथे पैसे भरणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते.

मैत्रिणींनो, सॉफ्टवेअर वाईट नसतं. ते सांगितलेलं काम करतं. ते काम कोणी, काय सांगितलंय, हे आपल्याला माहीत हवं. उद्या तुमच्या घरात कोणी रोबोट आणला तर चार प्रश्न विचारा. तोटा कुठे थांबतो? तोट्यानंतर सौदा वाढतो का? उधारी किती पट? आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी कुठे आहे? पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.

ठेव तशीच आहे. पुतण्या चार दिवस रुसला, आता तोच मित्रांना ही वही दाखवतो. जाऊ मात्र एकच बोलली, "ताई, माझ्या मशीनवर पाय थांबला की सुई थांबते. याला तर थांबणंच शिकवलं नव्हतं!"