प्रत्येक रोलरवर एक बारीक चढ

रबराचा चेंडू एक मीटरवरून फरशीवर सोडा. तो उसळून ६० सेंटिमीटरपर्यंतच आला, तर उरलेली ४० टक्के ऊर्जा कुठे गेली? बहुतेक रबरातच मुरली आणि तिची उष्णता झाली. कन्व्हेअर बेल्टची वीजही अशीच मुरते.

बेल्टच्या गाभ्यात ताण पेलणारे कापड किंवा पोलादी दोर असतात. वर-खाली रबराचे थर. मालाच्या वजनाने खालचा थर प्रत्येक रोलरवर दबतो आणि पुढे सरकताच पुन्हा फुलतो. पण रबर थोडे स्प्रिंगसारखे, थोडे काकवीसारखे. त्याला सावरायला क्षणभर उशीर होतो. त्यामुळे बेल्ट रोलरवर येतो त्या बाजूला दाब जास्त आणि सुटतो त्या बाजूला कमी पडतो. जणू सपाट वाटेवर प्रत्येक रोलरपाशी एक बारीक चढ!

मेघालयातली चुनखडी बांगलादेशातल्या छातकच्या सिमेंट कारखान्यात नेणारा बेल्ट सुमारे १७ किलोमीटर लांबीचा आहे. एवढ्या अंतरात दर दीड मीटरला रोलरचा एक संच धरला, तरी असे अकरा हजारांवर चढ होतात. म्हणूनच लांब, सपाट मार्गावर एकूण विरोधात सर्वांत मोठा वाटा सहसा रबराच्या या दबण्याचाच असतो.

तो कमी कसा करायचा? रबर दुप्पट ताठ केले, तर ते कमी दबते; पण ढोबळ गणिताने तोटा जेमतेम पाचव्या हिश्शाने घटतो. उलट, रबराची ऊर्जा गिळण्याची खोड निम्मी केली, तर तोटाही जवळपास निम्मा होतो. म्हणजे कडकपणापेक्षा उसळी मोलाची.

ही खोड बरीचशी मिश्रणावर ठरते. झीज सोसावी म्हणून रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, घालतात. रबर दबले की काजळीच्या कणांची आपसातली जाळी मोडते, पुन्हा जुळते आणि दर वेळी ऊर्जा खाते. कार्बन ब्लॅक कमी केले तर वीज वाचते, पण रबर लवकर झिजते. शिवाय थंडीत रबर सुस्तावते आणि तोटा सहसा वाढतो. त्यामुळे उन्हाळ्यात बरा वाटलेला बेल्ट हिवाळ्यात मोटरला जड जाऊ शकतो.

वीज वाचवावी की झीज, या पेचातून वाट काढली ती बेल्टच्या दोन बाजूंनीच. दगडांचा मार खातो वरचा थर, रोलरवर दबतो खालचा. मग दोघांना एकच रबर कशाला? वरती चिवट, खालती उसळते.