कर्त्या हातांचे दप्तर : सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयानिमित्त

मराठी आरमाराने हस्तगत केलेल्या ‘संताना’ नामक जहाजाच्या भरपाईपोटी, 1779 च्या तहान्वये, पुणे दरबाराने सालिना 12,000 रुपये वसुलाचा मुलूख पोर्तुगीजांस देऊ केला, आणि त्या कलमाच्या अंमलबजावणीत 1783 साली नगरहवेली फिरंगी अमलाखाली गेली. सुधीर फडके यांच्यासारख्या संगीतकाराचाही सक्रिय सहभाग लाभलेल्या मुक्तिसंग्रामाने ऑगस्ट 1954 मध्ये ती मोकळी झाली. तह, जमाबंदी आणि महसूल यांच्या कागदांवरून या मुलखाच्या धन्यांचा इतिहास लिहिता येईल. परंतु ज्या वारली, कोकणा, धोडिया, काथोडी रयतेच्या श्रमावर तो वसूल उभा होता, तिच्या बुद्धीचा आणि सौंदर्यदृष्टीचा दाखला पाहण्यासाठी नगरहवेलीतील सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयाची पायरी चढावी लागते.

तेथे मुखवटे आहेत, वाद्ये आहेत, मासेमारीची साधने आहेत, आणि नित्यजीवन दाखविणारे पूर्णाकृती पुतळे आहेत. याच परिसरातील तारपा घ्या. वाळविलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविण्यास मेण, एवढ्या रानातल्या सामग्रीतून जे वाद्य सिद्ध होते, त्याच्या सुरावर, वादकाकडे पाठ न करता, अवघा फेर धरला जातो. उपयोग आणि अलंकार यांची फारकत येथे संभवतच नाही.

वारल्यांच्या लग्नचौकाची कथा याहून बोधप्रद आहे. शेणागेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने सवाष्णी चौक लिहितात, त्यात पालघाट देवीची स्थापना होते, धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. पुढे कूड पुन्हा सारवला की चौक लुप्त होतो, आणि पुढच्या लग्नात नव्याने लिहिला जातो. 1970 नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूकडील जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकारांच्या हाती कागद दिला, तेव्हा हे लेखन कुडावरून उतरून देशोदेशी गेले. म्हसे यांस 2011 साली पद्मश्रीही मिळाली. कागदाने चित्र टिकविले, हे खरे. पण त्यापूर्वीची कित्येक पिढ्यांची परंपरा चित्रे टिकल्यामुळे नव्हे, तर ती लिहिणाऱ्या हातांचा वारसा अखंड राहिल्यामुळे जगली होती.

कोपनहेगन येथे 1890 साली स्थापन झालेले, आणि 1926 पासून अठराव्या शतकातील फ्रेडरिक रुग्णालयाच्या वास्तूत नांदणारे उपयोजित कलांचे संग्रहालयही, कला टिकते ती घडविणाऱ्या हातांमुळे, याच तत्त्वाची साक्ष देते. कारागीर व कारखानदार यांच्यासमोर उत्तम वस्तूंचे नमुने ठेवावेत, हा त्याच्या स्थापनेचा हेतू. ती वास्तू संग्रहालयासाठी सिद्ध करण्यात ज्यांचा वाटा होता, ते कोरे क्लिंट आपल्या विद्यार्थ्यांकडून जुन्या खुर्च्यांची मोजमापे घेववीत. वस्तू पाहावयाची ती पुन्हा घडविता यावी म्हणून, हा त्या शिक्षणाचा पाया होता; डेन्मार्कच्या फर्निचरला पुढे जो लौकिक लाभला, त्याची एक मुळी तेथे आहे.

डेनांना जुन्या कारागिराची विद्या मोजपट्टीने परत मिळवावी लागली. सिल्वासाचे भाग्य असे की, तारपा घडविणारे, मुखवटे कोरणारे आणि चौक लिहिणाऱ्या सवाष्णी अद्याप आसपासच्या पाड्यांतून आहेत. म्हणून अशा संग्रहालयाचे यश किती वस्तू जतन झाल्या यावर न ठरविता, तेथील तारपा पाहून पाड्यावरच्या किती मुलांनी तो स्वहस्ते घडविला, यावर ठरवावे. आणि त्यांना शिकविणाऱ्या वृद्ध कारागिरांस मानधन देऊन गुरुपद द्यावे, ही तरतूद काचेच्या कपाटांइतकीच निकडीची मानली जावी.