सेल्सची माणसं सीआरएम भरायला का कंटाळतात? आणि ते सोपं कसं करता येतं?

रविवारी तुम्ही वाकडला एक सॅम्पल फ्लॅट बघून येता. तिथं फॉर्म भरता, बजेट सांगता, 'कव्हर्ड पार्किंग हवंच' हेही बजावता. सोमवारी त्याच बिल्डरच्या ऑफिसमधून फोन येतो, "सर, आपण टू बीएचके शोधताय का?" मंगळवारी दुसऱ्या कुणाचा तरी फोन, "मॅडम, आपलं बजेट काय आहे?" बुधवारी तिसराच विचारतो, "साइटवर कधी येताय?"

आपण वैतागून नंबर ब्लॉक करतो. गंमत म्हणजे हेच होऊ नये म्हणून त्या कंपनीनं बहुधा एक महागडं सॉफ्टवेअर घेतलेलं असतं. त्याला सीआरएम म्हणतात, म्हणजे कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट. ग्राहक कोण, तो कुठून आला, त्याच्याशी कोण काय बोललं आणि पुढचा फोन कधी करायचा, याची सगळ्या टीमला दिसणारी एकच वही असं त्याचं साधं वर्णन करता येईल.

मग गोंधळ होतो कुठे? बऱ्याचदा उत्तर अगदी साधं असतं. रविवारी तुमच्याशी जो बोलला, त्यानं ते बोलणं वहीत उतरवलेलंच नसतं.

डायरीत होतं, सिस्टीममध्ये नव्हतं

माझा एक मित्र पुण्यात एका बांधकाम कंपनीत सेल्सला आहे. कंपनीचं सीआरएम अ‍ॅप त्याच्या फोनमध्ये आहे, पण खरं काम चालतं खिशातल्या डायरीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. दिवसभर साइटवर उभं राहायचं, रात्री घरी येऊन जेवायचं आणि मग आठवेल तसं अ‍ॅपमध्ये भरायचं. एका ग्राहकासाठी बावीस रकाने. त्यात 'व्यवसाय', 'सध्याच्या घराचं क्षेत्रफळ', 'कुटुंबातील सदस्य' असले रकानेही सक्तीचे. ते भरल्याशिवाय 'सेव्ह'चं बटण दाबताच येत नाही.

गेल्या दिवाळीत त्याचं एक बुकिंग दुसऱ्याच्या नावावर गेलं. चार महिने फॉलो-अप यानं केला होता, पण तो सगळा डायरीत. तोच ग्राहक एका प्रॉपर्टी पोर्टलवरूनही आला होता आणि ती लीड सिस्टीमनं टीममधल्या दुसऱ्या मुलाला दिली होती. यानं ग्राहकाचा नंबर सुरुवातीला शून्य लावून भरलेला, पोर्टलवरून तो +९१ लावून आलेला. सॉफ्टवेअरच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. इन्सेन्टिव्ह गेला आणि त्या मुलाशी बोलणंही बंद झालं.

त्याचा मॅनेजर म्हणाला, "सिस्टीममध्ये का नाही टाकलंस?" प्रश्न चुकीचा नाही. पण अर्धाच आहे.

हे सॉफ्टवेअर मुळात कुणासाठी बनलं?

१९८७ मध्ये अमेरिकेत 'अ‍ॅक्ट!' नावाचं एक सॉफ्टवेअर आलं. एका विक्रेत्याला आपले संपर्क आणि भेटी सांभाळता याव्यात, एवढाच त्याचा आवाका. म्हणजे ते विक्रेत्याचं स्वतःचं होतं. १९९३ मध्ये सीबेल सिस्टिम्स ही कंपनी सुरू झाली आणि मोठमोठ्या कंपन्यांनी संपूर्ण सेल्स फोर्ससाठी अशी सॉफ्टवेअर्स बसवायला सुरुवात केली. १९९९ मध्ये सेल्सफोर्स आली. तिनं हेच काम ब्राउझरमध्ये आणून ठेवलं. सीबेल पुढे ओरॅकलनं विकत घेतली, २००५ मध्ये तो सौदा जाहीर झाला. त्याच वर्षी आपल्याकडच्या झोहोचं सीआरएमही बाजारात आलं.

या प्रवासात एक गोष्ट हळूच बदलली. सॉफ्टवेअर निवडणारा आणि पैसे देणारा माणूस आता विक्रेता राहिला नाही, तो झाला त्याचा वरिष्ठ. वरिष्ठाला हवे असतात रिपोर्ट: या महिन्यात किती लीड आल्या, किती साइट व्हिजिट झाल्या, कुठल्या जाहिरातीचा पैसा वसूल झाला. म्हणून रकाने वाढत गेले. भरणारा एक आणि फायदा दुसऱ्याला, अशी ही रचना आहे. सेल्सवाले आळशी असतात म्हणून सीआरएम भरत नाहीत, हा समज मला म्हणूनच पटत नाही. ज्या माणसाचा पगार बुकिंगवर ठरतो, तो वेळ कुठे घालवायचा याचा हिशेब पक्का करत असतो.

आणि सक्ती केली की काय होतं? रकाना भरला जातो, माहिती भरली जात नाही. ईमेलच्या जागी काहीतरी खोटं टाकलं जातं, शेऱ्यात नुसता एक टिंब. 'लीड कुठून आली' या यादीत सर्वांत जास्त वेळा निवडला जातो तो यादीतला पहिला पर्याय, कारण बोट तिथं आधी पोचतं. मग मीटिंगमध्ये आलेख दाखवतो की होर्डिंगवरून भरपूर ग्राहक आले, आणि कंपनी आणखी होर्डिंग लावते.

मग सोपं करायचं म्हणजे काय करायचं?

रंग बदलणं, मोठी बटणं देणं हे शेवटचं काम. पहिलं काम म्हणजे कमी विचारणं आणि योग्य वेळी विचारणं.

पहिल्या फोननंतर विक्रेत्याला खरोखर काय माहीत असतं? नाव, नंबर, साधारण बजेट आणि पुन्हा कधी बोलायचं ती तारीख. एवढंच विचारा. साइट व्हिजिट झाली की कोणता फ्लॅट आवडला ते विचारा. पॅन आणि गृहकर्जाचा तपशील बुकिंगच्या वेळी. बहुतेक मोठ्या सीआरएममध्ये ही सोय आहे. झोहोमध्ये तिला 'ब्लूप्रिंट' म्हणतात: ग्राहक एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर गेला की त्या टप्प्यापुरतेच रकाने समोर येतात. सोय असते, पण ती नीट लावून घ्यायला कुणी बसत नाही. सॉफ्टवेअर जसं आलं तसं सुरू होतं आणि पुढे प्रत्येक विभाग आपापला रकाना जोडत जातो. मार्केटिंगला एक हवा, अकाउंट्सला दोन. काढून कुणीच टाकत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा धागाही इथं येतो. ज्या कामासाठी संमती घेतली, त्याला आवश्यक तेवढीच माहिती त्या संमतीत येते, असं हा कायदा सांगतो. फ्लॅट दाखवण्यासाठी कुटुंबात किती माणसं आहेत हे सक्तीनं विचारणं त्यामुळेही तपासून बघायला हवं.

दुसरं काम म्हणजे, जे यंत्राला आपोआप कळतं ते माणसाकडून लिहून घेऊ नये. कंपनीच्या टेलिफोनी सेवेतून केलेला कॉल कधी झाला, किती वेळ चालला, ही नोंद स्वतःहून पडू शकते. पोर्टलवरची किंवा फेसबुकच्या जाहिरातीतली लीड थेट सिस्टीममध्ये येऊ शकते. नंबर कसाही लिहिला तरी शून्य, +९१ आणि मधल्या मोकळ्या जागा काढून दहा आकडे जुळवणं हे तर अगदी किरकोळ काम आहे. आपल्याकडे ते फार महत्त्वाचंही आहे, कारण नावावरून माणूस ओळखणं अवघड. इंग्रजीत एकाच आडनावाची तीन स्पेलिंग्ज सहज सापडतात आणि 'पाटील सर' या नावाचे ग्राहक प्रत्येकाच्या यादीत निदान पाच.

व्हॉट्सअ‍ॅपचं प्रकरण जरा नाजूक आहे. आपल्याकडे निम्मा सौदा तिथंच होतो, पण विक्रेत्याच्या स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं सीआरएममध्ये सरळ येत नाही. त्यासाठी कंपन्यांकरता वेगळा मार्ग आहे, जो २०१८ मध्ये खुला झाला. त्यात कंपनीच्या नंबरवरून बोलायचं आणि ते बोलणं ग्राहकाच्या नोंदीला जोडलं जातं. मात्र नियम आहे: ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर चोवीस तासांपर्यंतच हवं ते लिहिता येतं, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला ठरावीक मजकूरच पाठवता येतो. "काका, आंबे पोचले का?" असा मेसेज दोन दिवसांनी करणाऱ्या विक्रेत्याला हे कसं रुचणार? त्यामुळे बरेच जण पुन्हा स्वतःच्या फोनकडे वळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे भरणाऱ्याला काहीतरी परत मिळणं, आणि माझ्या मते इथंच सगळं ठरतं. सकाळी अ‍ॅप उघडल्यावर 'आज या सात जणांना फोन करा' अशी यादी दिसली आणि नावाला बोट लावताच फोन लागला, मागच्या वेळी काय बोलणं झालं ते वर दिसलं, तर माणूस अ‍ॅप उघडतो. कारण आता ती त्याची डायरी असते. या महिन्यात किती इन्सेन्टिव्ह जमला हे तिथंच दिसलं, तर दिवसातून चारदा उघडतो.

हे सगळं जमलं की नाही, हे कळायला मोठा सर्व्हे लागत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० मध्येच मांडलं होतं की, पाच जणांना वापरायला देऊन नुसतं बघत बसलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. एका विक्रेत्याशेजारी अर्धा दिवस साइटवर उभं राहा. बेसमेंट पार्किंगमध्ये नेटवर्क नाही, एका हातात हेल्मेट, समोर ग्राहक घाईत. त्या अवस्थेत फोनवर कितीदा टॅप करावं लागतं ते मोजा.

सोपं झालं, पण कुणासाठी?

आता बोलणं ऐकून स्वतःच टिपण काढणारी एआय साधनं आली आहेत. विक्रेत्याचं लिहिण्याचं काम त्यामुळे खरोखर हलकं होऊ शकतं. पण आपोआप नोंद होणं आणि पाळत ठेवली जाणं, यात फारसं अंतर नाही. फोन कुठे आहे, माणूस एका जागी किती वेळ थांबला, हेही तेच अ‍ॅप नोंदवू शकतं. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या संघटनांनी अशा ट्रॅकिंगला विरोध केलेला आहे. ज्या अ‍ॅपची भीती वाटते त्यात माणूस खरं लिहीत नाही, मग ते कितीही सोपं असो. दुसरी भीती त्याहून जुनी आहे. वर्षानुवर्षं जपलेले ग्राहक एकदा सिस्टीममध्ये टाकले की ते कंपनीचे होतात. उद्या नोकरी सोडली तर हातात काय उरलं? हा प्रश्न कुठलंही बटण सोडवत नाही. लीड कुणाची, ती दुसऱ्याकडे कधी जाणार आणि गेली तर पहिल्याला वाटा मिळणार का, हे कंपनीनं लेखी सांगावं लागतं.

मित्राच्या कंपनीनं यंदा रकाने बावीसवरून सहावर आणले. तो आता ग्राहक गाडीत बसला की लिफ्टपाशी उभं राहून मराठीतच बोलून शेरा टाकतो, रात्रीचं भरणं संपलंय. एकाच नंबरच्या दोन नोंदी झाल्या तर त्या जोडायला मात्र अजूनही मॅनेजरला मेल करावा लागतो.