गोचिडीच्या मागावर

माकडतापाची बातमी वाचताना एक वाक्य मनात अडकलं: जंगलातल्या गोचिड्या गोळा करून तपासणीला पाठवण्यात आल्या. कोण गोळा करतं त्या? कशा? त्या माणसांना भेटायला मी मार्चमध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात गेले.

काजूच्या बागेत शिरताच नाकात भरला तो बोंडूंचा वास. झाडाखाली पडून फुटलेले, आंबायला लागलेले बोंडू. गोड आणि उग्र. काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम इथे एकाच वेळी येतो. बायका वाकून काजी वेचत होत्या, हात थेट पाचोळ्यात. नेमक्या त्याच पाचोळ्यात आम्हाला गोचिड्या शोधायच्या होत्या.

सोबत एक कीटकशास्त्रज्ञ होत्या आणि एक कीटक समाहारक. पँट मोज्यांत खोचून, हातापायांना गोचीड चढू नये म्हणून तेल चोळून झालं. मग समाहारकाने काठीला बांधलेलं पांढरं फ्लॅनेल उलगडलं आणि पाचोळ्यावरून सावकाश ओढत निघाला. थोडं अंतर गेलं की थांबायचं, कापड उलटवायचं, खाली बसून निरखायचं. मला पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. त्याने चिमट्याचं टोक टेकवलं तिथे तिळाहून बारीक तपकिरी ठिपका होता, आणि तो पाय हलवत होता. अर्धवट वाढलेली ही गोचीड. शास्त्रज्ञ तिला निम्फ म्हणतात. माणसांना माकडताप होतो तो मुख्यतः हिच्याच चाव्यातून. चावा इतका हलका की अनेकांना तो कळतही नाही. पुढे तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी, काहींना रक्तस्राव. या तापावर नेमकं औषध नाही, आणि जुनी लस पुरेशी परिणामकारक नसल्याने तिचा वापर थांबला आहे.

त्याने चिमट्याने ठिपका उचलून कुपीत टाकला, कुपीवर जागा आणि तारीख लिहिली. हात जराही थरथरला नाही. किती वर्षं हे करता, असं विचारलं तर म्हणाला, "वर्षं कसली मोजायची? ऑर्डर अकरा महिन्यांची असते." आवाजात तक्रार नव्हती.

अकरा महिने. या गोचिडीचं आयुष्यचक्र साधारण वर्षभराचं आहे. पावसाळ्यात पूर्ण वाढलेल्या माद्या गुरांचं रक्त पिऊन अंडी घालतात, पावसाळा सरला की अळ्या बाहेर पडून उंदीर, पक्षी, माकडं गाठतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत निम्फ पाचोळ्यात वाट पाहतात. ज्याला हे सगळं पाठ आहे, त्याच्या हातात एका चक्राचीही खात्री नाही.

या कामाची परंपरा मोठी आहे. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलाजवळ माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ तिथे गेले. आधी संशय आला पीतज्वराचा. निघाला नवाच विषाणू. हॅरल्ड ट्रॅपिडो, पी. के. राजगोपालन यांच्यासारख्यांनी जंगलातल्या गोचिड्या गोळा केल्या आणि त्यांच्यात तो सापडला. राजगोपालन पुढे पुद्दुचेरीला डासांवर काम करायला गेले. पण त्यांची सुरुवात अशाच पाचोळ्यात झाली. प्रयोगशाळेतही धोका टळत नाही: या विषाणूवर काम करणाऱ्या अनेकांना तिथेच लागण झालेली आहे. २०१५ साली विषाणू गोव्याच्या सत्तरीत दिसला, २०१६ मध्ये दोडामार्गात.

दुपारी कुपीतल्या गोचिड्या सूक्ष्मदर्शकाखाली जातीनुसार वेगळ्या झाल्या आणि गोठवून प्रयोगशाळेकडे रवाना झाल्या. कीटकशास्त्रज्ञ मॅडम सांगत होत्या, मेलेलं माकड सापडलं की त्याच्याभोवती पन्नास मीटर परिसरात कीटकनाशक मारायचं, कारण थंड पडलेल्या अंगावरून गोचिड्या उतरतात आणि नव्या रक्ताची वाट पाहतात. ते माकड सापडतं मात्र गावकऱ्यांना. त्यांनी कळवलं नाही तर सगळी यंत्रणा आंधळी.

परतताना पुन्हा तोच बोंडूंचा वास. एका बाईंना विचारलं, भीती नाही वाटत? "काजी सोडून घराकडे बसान भागतला काय?" त्यांनी हात न थांबवता मलाच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाहारकाने पिशवीतून तेलाची बाटली काढून त्यांच्या हातावर ओतली, कोपरापर्यंत नीट चोळायला सांगितलं, घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवा म्हणून बजावलं. हे त्याच्या कामाच्या यादीत आहे की नाही मी विचारलं नाही. माझ्या लेखी तेही संशोधनच आहे: बाई त्याला ओळखतात म्हणून उद्या मेलेलं माकड दिसलं तर फोन त्यालाच करतील.

साथ आली की पैसा येतो, गाड्या येतात, अधिकारी येतात. साथ ओसरली की पहिली कात्री लागते ती कापड ओढणाऱ्या माणसाला. पण जंगलात विषाणू आहे की नाही हे कळायचं असेल, तर ज्या वर्षी एकही रुग्ण नाही त्या वर्षीही कापड फिरायला हवं. ती शांत वर्षं नोंदली असतील तरच पुढची धोक्याची खूण ओळखता येते. त्यासाठी तोच माणूस, तीच बाग, वर्षानुवर्षं लागते. गावाची ओळख आणि नजरेची ही तयारी अकरा महिन्यांत होत नाही. ज्याची नजर एकदा तयार झाली, त्याला कायमची नोकरी देणं हा माकडताप रोखण्याच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे.