पोकर खेळातील पैजेच्या मर्यादा व रचना : एक विवेचन

प्रस्तावना :
पत्त्यांच्या खेळांत पोकरचे स्थान वेगळे आहे. या खेळात हाती आलेल्या पानांइतकेच महत्त्व त्यांवर लावल्या जाणाऱ्या रकमेला असते. आपल्याकडे परिचित असलेल्या तीन पत्तीतही बंद पानांवर खेळणारा आणि पाने पाहून खेळणारा यांच्या रकमेत एकास दोन असे प्रमाण असते. पोकरमध्ये रकमेविषयीचे नियम अधिक काटेकोर आहेत. नवशिका खेळाडू पानांची क्रमवारी पाठ करतो; मात्र पैजेच्या मर्यादेकडे त्याचे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात अमेरिकेत रूढ झालेल्या 'टेक्सास होल्डम' या प्रकाराच्या आधारे या मर्यादांचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

पैजेची रचना :
प्रत्येक खेळाडूस दोन पाने गुप्तपणे दिली जातात व पाच सामायिक पाने तीन, एक, एक अशा क्रमाने उघडली जातात. त्यामुळे पैजेच्या चार फेऱ्या होतात. पाने वाटणाऱ्याच्या डावीकडील दोन खेळाडूंना 'स्मॉल ब्लाइंड' व 'बिग ब्लाइंड' या सक्तीच्या रकमा भराव्या लागतात. डाव सुरू होताना समोर असलेली रक्कमच त्या डावात वापरता येते. ती संपूर्ण लावणे म्हणजे 'ऑल-इन' होय. उदाहरणार्थ, एकाने 100 व अन्य दोघांनी प्रत्येकी 300 डॉलर लावल्यास मुख्य पॉट 300 डॉलरचा होतो. उर्वरित 400 डॉलरच्या उपपॉटवर पहिल्याचा हक्क राहत नाही.

मर्यादेचे प्रकार :
1) निश्चित मर्यादा : 2/4 डॉलरच्या खेळात पहिल्या दोन फेऱ्यांत पैज व वाढ 2 डॉलरच्याच पटीत, तर नंतरच्या दोन फेऱ्यांत 4 डॉलरच्या पटीत करावी लागते. एका फेरीतील वाढींची संख्याही सामान्यतः तीन किंवा चार इतकी मर्यादित असते.

2) पॉट मर्यादा : येथे कमाल पैज पॉटमधील रकमेइतकी असते. पॉटमध्ये 100 डॉलर असताना प्रतिस्पर्ध्याने 50 लावले, तर प्रथम त्याचे 50 जुळवल्याचे गृहीत धरले जाते. पॉट 200 होतो व तेवढीच वाढ करता येते. म्हणजेच एकूण 250 डॉलर लावता येतात.

3) अमर्याद : कोणत्याही फेरीत समोरील सर्व रक्कम लावता येते. वाढ मात्र किमान आधीच्या पैजेइतकी वा वाढीइतकी असावी लागते. लास वेगास येथे 1970 मध्ये सुरू झालेल्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'ची मुख्य स्पर्धा याच प्रकारात खेळली जाते.

मर्यादा आणि निर्णय :
मर्यादेचा खरा परिणाम गणितात दिसतो. समजा, चार सामायिक पाने उघडली असून खेळाडूकडे बदामाची चार पाने जमली आहेत. न दिसलेल्या 46 पानांपैकी 9 बदामाची आहेत. म्हणजे पाचवे बदाम येण्याची शक्यता सुमारे 19.6 टक्के आहे. पॉटमध्ये 20 डॉलर आहेत. निश्चित मर्यादेत प्रतिस्पर्धी 4 डॉलर लावतो. 24 डॉलरसाठी 4 डॉलर भरण्यास केवळ 14.3 टक्के शक्यता पुरेशी ठरते. अमर्याद खेळात त्याने 20 डॉलर लावल्यास 33.3 टक्के शक्यता हवी. पाने तीच; परंतु पहिल्या ठिकाणी डावात राहणे योग्य, तर दुसऱ्या ठिकाणी, पुढील फेरीत मोठ्या प्राप्तीची अपेक्षा नसल्यास, पाने टाकणेच हिताचे.

निष्कर्ष :
निश्चित मर्यादा एका डावातील हानी आवरते. दीर्घकाळ चुकीचे खेळल्याने होणारी हानी मात्र ती थांबवू शकत नाही. अमर्याद खेळात एकच चूक सर्वस्व हिरावू शकते. म्हणून खेळ समजून घेणाऱ्याने प्रथम मर्यादा व मगच पाने पाहावीत. गोव्यात परवानाधारक कॅसिनो असले, तरी महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. तसेच पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 मध्ये संमत केला आहे. त्यामुळे संभाव्यता व जोखीम यांचे आकलन करून देणारे उदाहरण म्हणूनच या विषयाचा अभ्यास उपयुक्त ठरतो.