पोटातील कृमी आणि वर्गातील मूल

पैनगंगेच्या दक्षिणेस, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला कोरपना तालुका हा कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणारा मुलूख आहे. कोलाम व गोंड समाजाच्या वस्त्याही येथे आहेत. पावसाळ्यात अशा भागातील एखादे मूल चिखल तुडवीत अनवाणी शाळेत येते. ते वर्गात पेंगते, क्षुल्लक कारणावरून चिडते, खेळात मागे पडते, क्वचित माती खाते. 'आळशी' किंवा 'मंद' हा शिक्का त्याच्यावर फार लवकर बसतो. परंतु अशा वागण्याचे मूळ स्वभावात नसून आतड्यात असू शकते.

आतडे व मेंदू

पोट आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतील बहुसंख्य धागे पोटाकडून मेंदूकडे संदेश नेतात. आतड्यातील सूक्ष्म जीवांचा वर्तनावर परिणाम होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. माणसांविषयीचे संशोधन अद्याप चालू आहे. मात्र आतड्यापासून मेंदूपर्यंतचा एक मार्ग पुरेसा ज्ञात आहे. तो रक्तातून जातो.

उघड्यावरील शौचामुळे अंकुशकृमीची अंडी ओलसर मातीत पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि रक्त, फुप्फुस व घसा या मार्गाने लहान आतड्यात पोहोचून तेथे रक्त शोषतात. या कृमीच्या एका प्रकारातील एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घेतो. असे शंभर कृमी असल्यास महिन्याकाठी सुमारे ९० मिलिलिटर रक्त जाते. अपुऱ्या आहारावर वाढणाऱ्या मुलाला ही झीज भरून काढता येत नाही. रक्तासोबत लोह जाते आणि रक्तक्षय होतो. मेंदूला प्राणवायू पोहोचविण्यासाठी, तसेच लक्ष व उत्साह यांच्याशी निगडित रसायने तयार होण्यासाठी लोह आवश्यक असते. माती खाण्याची ओढही पुष्कळदा लोहाच्या कमतरतेबरोबर दिसते.

एक जुना धडा

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी गरीब शेतकरी व मजूर आळशी समजले जात. त्यांच्यापैकी अनेकांच्या आतड्यात हा कृमी सापडला, तेव्हा त्याला 'आळसाचा जंतू' असे नाव पडले. १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. ज्या भागांत प्रादुर्भाव अधिक होता, तेथे मोहिमेनंतर मुलांची शाळेतील उपस्थिती वाढल्याचे पुढील अभ्यासात दिसून आले.

उपाय हाताशी आहेत

आपल्या देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा व अंगणवाड्यांतून १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी विनामूल्य दिली जाते. लोहाची साप्ताहिक गोळी ५ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी आणि १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठी निळी असते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी ठेवून त्यांना नंतर गोळी देणे, हे शिक्षकांचे मोलाचे काम होय.

तथापि गोळी हा अर्धाच उपाय आहे. माती दूषित राहिली, तर कृमी पुन्हा शिरतात. म्हणून पाण्याची सोय असलेली व प्रत्यक्ष वापरात असलेली शौचालये आणि मुलांच्या पायांत चपला, या दोन गोष्टी ग्रामपंचायतीने आपल्या आराखड्यात धरल्या पाहिजेत. शिवाय प्रत्येक रक्तक्षय कृमींमुळेच होतो असे नाही. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत सिकलसेलचेही रुग्ण आहेत. डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतील बाजू फिकट दिसणाऱ्या, लवकर धाप लागणाऱ्या मुलाची प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी.

प्रत्येक अबोल किंवा चिडखोर मुलाच्या पोटात कृमी असतीलच असे नव्हे. परंतु मुलाच्या बुद्धीविषयी मत बनविण्यापूर्वी त्याच्या प्रकृतीची चौकशी करणे, हा त्याला न्याय देण्याचा पहिला मार्ग आहे.