सैनिकाचें दप्तर व घरच्यांचा हक्क

सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड ह्या जिल्ह्यांतून हिंडलें म्हणजे पलटणींत माणूस न धाडलेला गांव क्वचितच आढळतो. साताऱ्याजवळील अपशिंगे येथील ४६ जवान पहिल्या महायुद्धांत (१९१४-१८) कामास आले. त्या गांवास लोक आजहि 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. शेतकऱ्याच्या घरांत एक भाऊ औत धरतो व दुसरा बंदूक. दुसरा पंधरा-सतरा वर्षें नोकरी करून ऐन उमेदींत घरीं येतो व पुन्हां शेतीस लागतो. त्यास व त्याच्या पश्चात् त्याच्या कुटुंबास राज्य सरकारकडून काय मिळूं शकतें आणि तें मिळण्यास अडचण कोठें येते, एवढेंच येथें सांगावयाचें आहे. (२०२२ पासून चार वर्षांच्या मुदतीनें भरती होणाऱ्या अग्निवीरांचे नियम निराळे आहेत, हा लेख त्यांच्याविषयीं नाहीं.) प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. लढाईचें ज्ञान त्यास नाहीं. परंतु कागद कोठें अडतो, हें त्यानें जवळून पाहिलें आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करूं. सैनिकाचें निवृत्तिवेतन व त्याच्या मृत्यूनंतर पत्नीस मिळणारें कुटुंब-निवृत्तिवेतन हें केंद्र सरकारचें देणें आहे. त्याचें दप्तर त्या त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयांत असतें. मराठा पलटणीचें हें कार्यालय बेळगांवास आहे, तोफखान्याचें नाशिकरोडास व बॉम्बे सॅपर्सचें खडकीस. राज्याच्या सवलतींचें खातें वेगळें. त्यास सैनिक कल्याण विभाग म्हणतात. त्याची मुख्य कचेरी पुण्यास असून जिल्ह्याच्या ठिकाणीं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतें. निवृत्तिवेतन सुरू आहे, तेव्हां जिल्ह्याच्या कचेरींतहि आपलें नांव असेलच, असें कित्येक समजतात. तें बरोबर नाहीं. तेथें स्वतः जाऊन नांव नोंदवावें लागतें व ओळखपत्र घ्यावें लागतें.

राज्याच्या मुख्य सवलती अशा :

(१) घरपट्टी : २०२० सालच्या निर्णयान्वयें माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांस एका घरापुरती मालमत्ता करांत माफी आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दींतील घरासहि ती लागू होते. अर्ज ग्रामपंचायतीकडे अगर नगरपालिकेकडे करावा. सोबत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.

(२) नोकरी : राज्य सेवेंतील गट क व गट ड ह्या पदांवर माजी सैनिकांसाठीं शेंकडा १५ जागा राखीव असतात.

(३) शिक्षण : अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणीं सैनिकांच्या मुलामुलींसाठीं वसतिगृहें आहेत. गरजू मुलांस शिष्यवृत्तीहि मिळते.

(४) वीरमरण : शहीद जवानाच्या पत्नीस अगर कायदेशीर वारसास २ हेक्टर, म्हणजे सुमारें पांच एकर, लागवडीयोग्य सरकारी जमीन देण्याचा निर्णय २०१८ सालीं झाला. रोख साहाय्य त्याहून वेगळें.

(५) अडचणीच्या वेळचें साहाय्य : ७ डिसेंबर हा दिवस १९४९ पासून ध्वजदिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्तानें आपण जे पैसे देतों, ते सैनिकांच्या कुटुंबांच्या कल्याणाकडे लागतात.

आतां मुद्द्याची गोष्ट. काहीं वर्षांपूर्वीं आमच्या कचेरींत एक वृद्ध बाई आली. नवरा पलटणींतून येऊन शेती करीत असे. तो वारला व तिचें कुटुंब-निवृत्तिवेतन अडलें. पलटणीच्या दप्तरांत तिचें माहेरचें नांव होतें, सातबारावर सासरीं ठेवलेलें, आणि आधार कार्डावर घरांत हांक मारतात तें. बाई एक व नांवें तीन! मीं 'नांव जुळत नाहीं' एवढें सांगून तिला परत पाठविलें. ती आणखी दोनदां आली. प्रत्येक खेपेस एस. टी.चें भाडें व दिवसाची मजुरी गेली ती तिची. पुढें प्रतिज्ञापत्र व राजपत्रांतील प्रसिद्धि होऊन काम झालें, परंतु तोंवर वर्ष लोटलें. नियमानें माझी चूक नव्हती. तरी काय काय आणावें, हें पहिल्याच दिवशीं एका चिठ्ठीवर लिहून देणें मला अशक्य नव्हतें. ती चिठ्ठी आज येथें लिहीत आहें.

सैनिक हयात असतांनाच त्याचें डिस्चार्ज बुक उघडून पाहावें. पत्नीचें नांव, जन्मतारीख व सर्व मुलांचीं नांवें त्यांत आहेत ना? चूक असल्यास त्यानें स्वतःच अभिलेख कार्यालयास लिहावें. त्याच्या सहीनें जें सहज होतें, तें त्याच्या माघारीं फार जड जातें. आधार कार्ड, बँकेचें पुस्तक व शिधापत्रिका यांवर तेंच नांव असावें. निवृत्तिवेतनाचें खातें पतिपत्नींच्या संयुक्त नांवें असावें.

मृत्यु झाल्यास त्याची नोंद २१ दिवसांच्या आंत करून दाखल्याच्या चार-सहा प्रती घ्याव्या. बँक, अभिलेख कार्यालय व जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ह्या तिन्ही ठिकाणीं कळवावें. विधवेनें स्वतःच्या नांवाचें ओळखपत्र मागून घ्यावें.

जमिनीविषयीं दोन शब्द. वारसाहक्क प्राप्त झाल्याची खबर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास द्यावी, असें महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ सांगतो. ह्या वेळीं एक अन्याय पुष्कळदां होतो. 'वहिनीस पेन्शन आहे, तिला जमीन कशाला?' म्हणून दीर मंडळी तिचें नांव वगळावयास पाहतात. निवृत्तिवेतन हें नवऱ्याच्या नोकरीचें फळ होय. जमिनींतील तिचा वांटा १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें आलेला आहे. एकानें दुसरा फिटत नाहीं. मुलींचेंहि तसेंच. दुसरें असें, कीं सैनिकास सरकारांतून मिळालेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग २ ची असते. परवानगीवांचून तिची विक्री केल्यास विकणारा व घेणारा दोघेहि अडचणींत येतात. सबब घेणारानें सातबारा व फेरफार नीट वाचावा.

असो. ह्या मासिकाचे वाचक लिहितेवाचते आहेत. आपल्या भावकींत वा शेजारीं माजी सैनिक असेल, तर एखाद्या दिवशीं त्याच्या ओट्यावर बसून त्याचें डिस्चार्ज बुक व पत्नीचें आधार कार्ड एकापुढें एक ठेवून वाचून पाहावें. नांवें जुळलीं तर उत्तमच. न जुळलीं, तर दुरुस्तीचा अर्ज त्याच बैठकींत लिहून त्यावर त्याची सही घ्यावी.